खारपाणातला समुद्र

चैत्र उतरणीला लागला की आमच्या वरवटच्या विहिरींची चव बदलते. पाणी खाली जातं तसं ते जड होत जातं. आंघोळ करून अंग वाळलं की कातडी ओढल्यासारखी होते. न्हाणीच्या दगडावर, बादलीच्या काठावर, दोरीवर वाळलेल्या धोतराच्या घडीत पांढरी बारीक भुकटी उरते. पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. इथे विहीर कुठेही खणा, पाणी खारंच लागतं. परवा सकाळी तोंड धुतल्यावर माझी जीभ मिशीवरून फिरली आणि ती चव लागली. मी तसाच ओट्यावर बसून राहिलो. हातातला टॉवेल वाळून गेला तरी उठवलं नाही.

पंधरा वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्याबद्दल मला लिहायचं आहे. खरं म्हणजे सांगायचं आहे, आणि ज्या माणसाला सांगायचं ते माणूस मी लिहितो आहे तिथून सात-आठ हातांवर खाटेवर पडलेलं आहे. माझी बायको, इंदू. तिच्या दोन्ही किडन्या आकसल्या आहेत. अकोल्याच्या डॉक्टरांनी तिचं दिवसाचं पाणी ठरवून दिलं आहे आणि ते देण्याचं काम माझ्याकडे आहे. बाहेर झाडाचं पान हलत नाही, कौलं तापून तडतडतात, आणि ती पाणी मागते तेव्हा मला मान हलवून नाही म्हणावं लागतं. तिला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तोंडातून निघत नाही, म्हणून आधी कागदावर उतरते का ते पाहतो.

त्या वेळी मी तीस-एकतीस वर्षांचा होतो. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. गावाजवळच्या जिनिंगमध्ये मी इंजिनवर मिस्त्री होतो. कापसाचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. त्यानंतर जिन बंद. उन्हाळाभर यंत्रं उघडून साफ करायची, पट्टे तेलात भिजवायचे, आणि दुपारी सरकीच्या रिकाम्या गोदामात आडवं व्हायचं. हातात कसब आणि पुढे रिकामे दिवस, असा तो काळ.

त्याआधी मी मुंबईत दोन वर्षं काढली होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला इंजिनाचं शिक्षण घ्यायला पाठवलं होतं. मी दोन्ही वर्षं नापास झालो. वर्गापेक्षा जास्त वेळ मी समुद्रकाठच्या खडकांवर काढला. ओहोटी लागली की खडकांच्या खळग्यांत पाणी अडकून राहतं. त्यात डोकावून बसलं की तासन्‌तास जायचे. दगडाला चिकटलेली फुलं होती. बोट लावलं की ती मिटायची, कारण ती फुलं नव्हतीच, जिवंत प्राणी होते. नळ्यांतून पिसांसारखे तुरे बाहेर यायचे आणि माझी सावली पडली की सुर्रकन आत जायचे. शंख पाठीवर घेऊन खेकडे हिंडायचे. तिथल्या मत्स्यालयातही असे दगड काचेमागे मांडलेले होते आणि त्यांवर प्रवाळाच्या खऱ्या, वाढत्या फांद्या होत्या. वऱ्हाडातल्या पोरानं असं काही पाहिलेलं नसतं. मला कुणी विचारलं असतं की मुंबईत काय शिकलास, तर मी हेच सांगितलं असतं. पण कुणी तसं विचारलं नाही. गावात मी परत आलो तो नापास होऊन आलेला म्हणूनच राहिलो.

तेव्हा माझ्या डोक्यात हे बसलं की तो खळगा घरी आणायचा. वरवट बकालला, समुद्रापासून दीड दिवसाच्या वाटेवर, माजघरात समुद्र मांडायचा. लोकांना बोलावून दाखवायचा. यात विज्ञानाची आवड किती आणि मिरवण्याची हौस किती, हे आज मला नीट वेगळं करता येतं. तेव्हा सगळं एकच वाटायचं.

पेटी मी स्वतः बांधली. लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतं हे मला ठाऊक होतं, म्हणून सागवानाच्या फळ्या घेतल्या, सांध्यांत डांबर आणि राळ वितळवून भरली, आतून डांबराचे तीन हात दिले. पुढची काच खामगावच्या एका दुकानाच्या जुन्या कपाटाची होती. तीन वेळा पाणी भरलं, तीन वेळा माजघर भिजलं. इंदू पोत्यानं पाणी टिपायची आणि म्हणायची, "तुमचा समिंदर घराबाहेर चालला जी, धरा त्याले."

हवेसाठी पंप नव्हता. ट्रकच्या चाकाची आतली रबरी ट्यूब सायकलच्या पंपानं टम्म फुगवायची आणि तिच्या तोंडाला बारीक नळी लावून नळी पाण्यात सोडायची. चार-पाच तास बुडबुडे येत राहायचे. मी जिनवर असलो की ट्यूब भरायचं काम इंदूकडे. पदर खोचून, दात आवळून ती पंप मारायची. आमचं लग्न होऊन तीनच वर्षं झाली होती.

पाण्याबाबत पहिली चूक झाली ती आबांच्या थट्टेतून. जिनमधल्या रुईच्या गाठी मुंबईला नेणारा सलीमभाई म्हणून ट्रक ड्रायव्हर होता. त्याच्या ओळखीच्या कोळ्याकडून दगड, फुलं, खेकडे आणायचं ठरलं आणि समुद्राचं पाणी आणायचं की नाही यावर बोलणं चाललं होतं. आबा खाटेवरून म्हणाले, "पानी कायले आनतं बे मुंबईहून? आपल्या इहिरीत काय साखर हाये?"

सगळे हसले. मी हसलो नाही. मला ते पटलं. खारं ते खारं. दूध तपासायचं लॅक्टोमीटर मी अकोल्याहून घेऊन आलो होतो. सलीमभाईनं नमुन्याला आणलेल्या बाटलीभर समुद्राच्या पाण्यात ते जिथवर बुडलं तिथे मी ब्लेडनं खूण केली. मग विहिरीचं पाणी गुळाच्या काहिलीत घालून आटवत बसलो. लॅक्टोमीटर त्याच खुणेवर येईपर्यंत आटवलं. मला वाटलं, झाला समुद्र.

इंदूनं त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. बाटलीतलंही चाखून पाहिलं.

"हे थे नाही," ती म्हणाली. "थे नुसतं खारट होये. हे कडू लागते."

"काचेची नळी खोटं बोलते का?"

"नळीले जीभ आहे का?"

मी ऐकलं नाही. सलीमभाईनं दगड आणले, मी ते त्या पाण्यात मांडले. दोन दिवसांत फुलं पिठासारखी विरघळली आणि माजघरात असा वास सुटला की आबा खाट घेऊन अंगणात गेले. "समिंदर पाह्यला नसता तं मी काही मेलो नसतो बापू," ते म्हणाले. "आता वासानं मरतो."

मग मात्र खरं पाणी आलं. चिनी मातीच्या मोठ्या बरण्यांत, पेंढ्यात बसवून, गाठी उतरवून परतणाऱ्या ट्रकमधून. सलीमभाईला त्यात भलतीच गंमत वाटायला लागली होती. "नाक्यावरचा शिपाई म्हने, 'बरनीत क्या है?' मी म्हनलं, 'साब, दर्या है.' त्याले वाटलं दारू होये. घातला हात अन् खेकड्यानं धरलं ना बोट! मिस्त्रीसाब, असा नाचला तो, असा नाचला! म्हने, 'जा बाबा, तेरा दर्या लेके जा.'"

दुसरा समुद्र जगला. त्याचे पहिले पंधरा-वीस दिवस मला आयुष्यात पुन्हा मिळाले नाहीत. दगडावरचं एक फूल तपकिरी होतं आणि त्याच्या बोटांची टोकं हिरवी होती. सकाळी छपराच्या काचेतून ऊन आलं की ते तळहाताएवढं उमलायचं. एका दगडावर हिरव्या बटणांसारख्या प्राण्यांची वस्ती होती. बोटभर लांबीचे दोन करडे मासे दगडाखाली घर करून होते. शंखातले खेकडे एकमेकांच्या अंगावर चढून मारामारी करायचे आणि इंदू त्यांना माझ्या चुलतभावांची नावं द्यायची. माणसं यायची. वहाणा दाराशी काढून यायची, देवळात आल्यासारखी. एका म्हातारीनं काचेला कुंकू लावलं. मी आतल्या एकेका जिवाची माहिती सांगायचो, आणि ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर नापास झालेल्या पोराची आठवण कुठे दिसत नसे. मी ती शोधायचो, म्हणून मला ठाऊक.

वैशाख लागला आणि पाणी उडायला लागलं.

पेटीभोवती मी भिजवलेली पोती लावली होती. त्यांवर विहिरीचं पाणी मारायचो, पोत्यांवर मिठाची खपली धरायची. तेवढ्यानं आत गारवा राहायचा. पण वरचं पाणी दर दिवशी चार बोटं उतरायचं. मी त्यात विहिरीचं पाणी भरलं, तर लॅक्टोमीटर खुणेच्या वर तरंगायला लागलं आणि फूल मुठीसारखं मिटलं. विचार करता करता कळलं की उडतं ते पाणी, मीठ खालीच राहतं. आमच्या विहिरी उन्हाळ्यात जड होतात त्याच कारणानं. म्हणजे जे उडतं ते गोडच भरायला हवं. रोज एक कळशी.

गोड पाणी म्हणजे काय हे खारपाणाच्या बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून खड्डा करायचा, त्याला झिरा म्हणतात. त्यात तळाला पाणी पाझरतं. वाटीनं ते भरायचं, पुन्हा पाझरायची वाट पाहायची. बायका पहाट फुटताच जाऊन ओळीनं बसतात. इंदू रोज एक खेप करायची. त्यात आबांचा चहा, डाळ शिजवायला लागणारं पाणी कारण विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, आणि आमचं पिण्याचं. आबांना खारं पाणी पोटाला लागायचं, त्यांचा माठ वेगळा भरायचा. हिशेब आधीच काठोकाठ होता.

मी तिला म्हणालो, "एक कळशी ह्याच्यात लागल रोज."

ती पेटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "याले तहान लागते म्हना की." आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं दुसरी खेप सुरू केली. दुसऱ्या खेपेला ऊन चढलेलं असायचं, झिऱ्याचं पाणी आटत आलेलं असायचं. कधी अर्धी घागर घेऊन यायची. अर्ध्या घागरीतून एक कळशी पेटीत गेली तर उरतं काय, हे मी विचारलं नाही. मी फक्त कळशी भरलेली आहे ना, तेवढं पाहायचो.

त्यातही मला एक कंजुषी सुचली. मातीचा माठ पाझरतो. बाहेरून ओला होतो, म्हणून तर आतलं गार होतं. पण ते ओलं होणं म्हणजे गोड पाणी फुकट जाणं. समुद्रात भरायचं गोड पाणी माठात ठेवायचं नाही, असं मी ठरवलं. इंदूच्या लग्नात तिच्या आईनं दिलेला तांब्याचा मोठा हंडा फडताळावर होता. तो मी काढला. तांब्यातलं पाणी शुद्ध असतं हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. इंदूला तर आनंद झाला. आईचा हंडा कामी आला. रोज ती तो चिंच आणि राख लावून घासायची, आतून बाहेरून आरशासारखा, आणि त्यात समुद्राचं गोड पाणी झाकून ठेवायची. एक थेंब पाझरत नसे.

आता ती दुपार.

जिनवर पट्ट्यांचं काम लवकर संपलं आणि मी मागच्या दारानं घरी आलो. आमच्या न्हाणीच्या तोंडाशी विहिरीच्या पाण्याचा रांजण असतो, वापरायचा, धुण्याभांड्यांचा. इंदू त्याच्यासमोर उभी होती. हातात पितळी गिलास. तिनं रांजणातून गिलास भरला, डोळे मिटले, आणि एका दमात प्यायली. मग तोंड वाकडं केलं, पदरानं ओठ पुसले, आणि दुसरा गिलास भरला. चूळ भरत नव्हती. मी तिच्या गळ्याची हालचाल पाहत होतो.

मी परत वळलो. आलो त्याच दारानं बाहेर पडलो, बोळातून जिनवर गेलो आणि रुईच्या गाठींच्या सावलीत बसलो. स्वतःला सांगितलं, एखाद्या वेळी प्यायली असेल. सांगितलं, आपले आजोबा-पणजोबा हेच पीत जगले. सांगितलं, पाऊस आला की दुसरी खेप बंदच होणार आहे. तासाभरानं पुढच्या दारानं घरी आलो, उंबऱ्यापासून मोठ्यानं खोकत. इंदूनं मला तांब्या भरून गोड पाणी दिलं. मी प्यालो.

मी ते पाणी प्यालो, हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत पेटीतलं सगळं मरायला लागलं. आधी नळ्यांतले तुरे बाहेर यायचे थांबले. हिरवी बटणं मिटली ती उघडेनात. शंखातले खेकडे शंख सोडून उघडे बाहेर पडले आणि वाळूत आडवे झाले. उघडा खेकडा इतका केविलवाणा दिसतो की पाहवत नाही. फूल दगडावरून सुटलं आणि कोपऱ्यात गोळा होऊन तरंगायला लागलं. दोन मासे तेवढे फिरत होते, जणू काही झालंच नव्हतं. लॅक्टोमीटर बरोबर खुणेवर. मला काही कळेना. दगड हुंगले, पाणी चाखलं, ट्यूब बदलली. शेवटच्या सकाळी दगडांवर पांढरी साय धरली आणि तो ओळखीचा वास आला.

तेव्हा मी माजघरात उभा राहून इंदूला म्हणालो, "तू ह्याच्यात इहिरीचं पानी टाकलं."

ती चुलीपाशी होती. उठून उभी राहिली. "मी? नाही जी. देवाशपथ, गोडंच टाकलं मी. रोज हंड्यातलंच."

"खोटं बोलू नको. दुसरी खेप जड होत होती, म्हून टाकलं."

"मी आनलं तेवढं सारं ह्याच्यात टाकलं. तुमच्यासमोर—"

"माझ्यासमोर कळशी दिसे. कळशीत काय होतं थे कोनाले माईत?"

आबा खाटेवर उठून बसले. ते सहसा आम्हा दोघांच्या मध्ये पडत नसत. म्हणाले, "बापू, या घरात इतके दिवस गोड पानी कोन पेलं नाही, थे इचार तिले एखांद्या दिशी."

मला विचारायची गरज नव्हती. मी पाहिलं होतं. तिनं खारं स्वतः पिऊन गोडं माझ्या दगडांना घातलं होतं हे त्या घरात माझ्याइतकं नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी मी तिला खोटारडी म्हणालो होतो. तेव्हाच बोललो असतो तर ते सगळं एका क्षणात मिटलं असतं. पण बोललो असतो तर पाहून परत वळलो तेही सांगावं लागलं असतं.  मी डबा उचलला आणि पेटी उपसायला लागलो. इंदूनं बादल्या नेऊन मागच्या अंगणात ओतल्या. ती रडत नव्हती. त्या जागी पुढे दोन वर्षं गवत उगवलं नाही.

सलीमभाई नंतर एकदा गाठी न्यायला आला. रिकाम्या पेटीत इंदूनं सरकी भरून ठेवली होती. तो म्हणाला, "फिर से लाऊ का दर्या?" मी नको म्हणालो. इंदू म्हणाली, "आनू द्या ना. या खेपेले मी जास्त लक्ष ठेवतो." ती असं म्हणाली. मी तेव्हा तिच्याकडे पाहिलं नाही.

हंड्याचं मला सात-आठ वर्षांनी कळलं. अकोल्याला एका कॉलेजात प्रदर्शन होतं, तिथे एका तरुण प्राध्यापकानं काचेच्या पेट्या मांडल्या होत्या. बोलता बोलता मी माझा समुद्र सांगितला, इंदूचं नाव न घेता. त्यानं विचारलं, "गोडं पाणी कशात ठेवायचात?" मी म्हटलं, तांब्याच्या हंड्यात. त्यानं कपाळाला हात लावला. "तांबं पाण्यात उतरतं हो. त्यातून चिंचेनं घासलेलं. माणसाला त्यानं काही होत नाही, मासेही तग धरतात, पण बाकीच्यांना ते विष. थेंब थेंब साठत गेलं असणार."

मी तिथून स्टँडवर आलो आणि एसटीत बसलो. शेगावपर्यंत काय दिसलं ते आठवत नाही. तिनं मैलभर डोक्यावरून आणलेलं, स्वतःच्या तोंडचं काढून ठेवलेलं पाणी माझ्या एका थेंबाच्या कंजुषीनं विष झालं होतं. आणि मी घरी जाऊन काय केलं? काही सांगितलं नाही. पुढच्याच लग्नसराईत एका नात्यातल्या लग्नात तो हंडा आहेर म्हणून देऊन टाकला. इंदूनं फडताळाकडे पाहिलं. "माझ्या मायचा होता थो," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, जुना झाला होता.

डॉक्टरांना मी एकदा आडून विचारलं, एखाद्या उन्हाळ्यात खारं पाणी पिऊन असं होतं का? ते म्हणाले, एका उन्हाळ्यानं नाही होत, वर्षानुवर्षांचं असतं, तुमच्या भागातले असे पेशंट माझ्याकडे नेहमी येतात. त्यांनी मला धीर द्यायला सांगितलं असेल. पण माझ्या मनात दुसरंच सुरू झालं. तो उन्हाळा संपल्यावर ती गोडं पाणी प्यायला लागली होती का? त्यानंतर लेक झाली, तिचं दूध आणि तिची पेज गोड्या पाण्यातली. आबा पुढे सहा वर्षं होते, त्यांचा माठ होताच. गाडीवरच्या टाकीनं पाणी घरात यायला लागलं ते फार नंतर. एवढ्या वर्षांत इंदूला मी पाणी पिताना पाहिल्याचं आठवायला बसलो तर आठवत नाही. ती आम्हा सगळ्यांना देत असलेली आठवते. मी त्या दुपारी मागच्या दारातून एक शब्द बोललो असतो, तर ते तिथेच थांबलं असतं. मी न बोलल्यामुळे ते घरातली रीत झालं असणार. या एका विचारानं मला गेले चार महिने झोप नाही की भूक नाही.

वरचं सगळं लिहून दोन दिवस झाले. काल दुपारी मी कागद घडी करून खिशात ठेवले आणि तिच्या खाटेशी जाऊन बसलो. तिचे पाय सुजून गुळगुळीत झाले आहेत, बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. मी पाय चेपत होतो. लेक शाळेच्या सुटीत खामगावहून आलेली, ती स्वयंपाकघरात होती.

मी म्हणालो, "इंदू, तो समुद्र हंड्यामुळं मेला होता. तांब्यामुळं. मले मागंच समजलं होतं."

ती छताकडे पाहत होती. "मंग?"

"तुझी चूक नव्हती. हंडा मीच काढला होता."

"थे तुमाले तवा कुठं माईत होतं," ती म्हणाली. "त्याचं काय घेऊन बसले."

मी दुसरा पाय चेपायला घेतला.  मग मी म्हणालो, "अन् तुले मी पाह्यलं होतं. रांजनापाशी. खारं पानी पेतांनी. पाह्यलं अन् परत गेलो."

 मला वाटलं तिला झोप लागली. माझे हात तिच्या पायांवर तसेच राहिले.

"माईत आहे मले," ती म्हणाली.

"काय माईत आहे?"

"तुमच्या वहानेचा आवाज आलता. मागच्या दारी थांबला, अन् मंग बोळाकडं गेला. वळखू येत नाही का नवऱ्याची चाल?" तिला दम लागला. थोडं थांबून म्हणाली, "म्हून तं दुसरा गिलास भरला मी. म्हनलं, आता येतीन. आता म्हनतीन, 'काऊन पेतं थे?' लय येळ उभी होती मी तिथं. गिलास हातात धरून."

मी विचारलं, "अन् म्हनलो असतो तं?"

"तरी पेलीच असती. पानी कुठून आनता तुमी दुसरं?" तिनं कूस बदलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तशीच राहिली. "पन मंग एकटीनं पेली नसती."

एवढं बोलून तिनं डोळे मिटले. लेक दारात येऊन उभी राहिली, आमच्याकडे पाहिलं आणि आत गेली. इंदू ते खारं पाणी किती वर्षं पीत होती, हे मला विचारायचं होतं. त्याचसाठी तर बसलो होतो. काल विचारलं नाही. आज सकाळपासून ती जागी आहे, मी इथेच सात-आठ हातांवर आहे, आणि अजून विचारलेलं नाही.